पाच पन्नास आणि अकरा वीस

माझ्या मुलाला पेज आवडते, हे मला तो एकोणतीस वर्षांचा झाल्यावर कळलं, आणि तेही दुसऱ्या बाईच्या तोंडून. लहानपणी त्याला ताप आला की मी मऊ भाताची पेज करायचे, वर साजूक तूप आणि मीठ. तो नाक मुरडून वाडगा सरकवायचा. 'हॉस्पिटल फूड' म्हणायचा. आता रीडिंग शहरात त्याच्या मैत्रिणीची आई त्याला आलं आणि कांद्याची पात घातलेली पेज देते आणि हा दोनदा मागून घेतो. तिने मला फोनवर मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. मी "हाऊ लव्हली" म्हटलं, फोन ठेवला आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

मला मत्सर वाटत होता. त्याला काळजी, माया, एकटेपणा अशी सोज्वळ नावं देऊन पाहिली, पण एकही बसलं नाही.

नवरा आणि मी उत्तर इंग्लंडात लीड्सला राहतो. मी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे, नवरा भूलतज्ज्ञ होता, आता निवृत्त. मुलगा एकुलता एक. कामासाठी तो रीडिंगला गेला आणि तिथल्या ऑफिसात त्याला ही मुलगी भेटली. आईवडील मलेशियातले चिनी, हिचा जन्म मात्र इंग्लंडातलाच. मुलगी लाघवी आहे, माझी तिच्याबद्दल एकही तक्रार नाही. माझा सगळा जळफळाट तिच्या आईवर होता. मराठीत या नात्याला विहीण म्हणतात, आणि लग्न ठरण्याच्या आधीपासूनच मी मनातल्या मनात तिला विहीणबाई म्हणू लागले होते. ती विधवा, शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. बांधा एवढासा, पाठ ताठ, आवाज कधी चढायचा नाही. अशा बायकांशी भांडताही येत नाही.

आमच्या घरात चहाचा कप सिंकपर्यंत न नेणारा मुलगा तिकडे शनिवारी तिच्या बागेचं कुंपण छाटायचा. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जायचा. मी रविवारी फोन केला की, "आई, कॅन आय कॉल यू बॅक? आम्ही आंटीकडे आहोत." मागे भांड्यांचा आवाज, हसण्याचा आवाज. मग फोन यायचा तो मंगळवारी.

गेल्या वर्षी दोघांनी लग्न ठरवलं आणि घर बघायला घेतलं. मुलीच्या कंपनीचं ऑफिस लीड्सलाही आहे, आणि आमचा मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस घरूनच काम करतो. म्हणजे लीड्स अगदी शक्य होतं. तसं मी एकदाच बोलून दाखवलं, आणि मग दर रविवारी एकदाच बोलून दाखवत राहिले. त्याच सुमारास विहीणबाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक घर विकायला निघालं. मला दुसरं काही नको होतं. तो मला दहा मिनिटांवर हवा होता. त्यासाठी मी काहीही करायला तयार होते.

असा तो काळ, आणि एका संध्याकाळी त्याचा फोन.

"आई, माझा बर्थ टाइम काय आहे? आंटीला चार्ट करायचाय. वेडिंगच्या आधी करतात ना ते लोक, चायनीज."

"तू मानतोस असलं काही?"

"मानत नाही, पण शी लव्ह्ज इट. आणि इट्स अ बिट कूल, ॲक्चुअली."

तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा मी हौसेने कपाटातून त्याची पत्रिका काढून त्याच्यापुढे ठेवली होती. तेव्हा ते त्याच्या लेखी 'मम्बो-जम्बो' होतं, थोतांड. पण मी तोंड आवरलं, कारण इथल्या जन्मदाखल्यावर वेळ लिहीत नाहीत, जुळी झाली तरच लिहितात. म्हणजे त्याच्या जन्माची वेळ होती ती माझ्याकडे. तिला हवी असलेली आणि फक्त माझ्यापाशी असलेली अशी एक तरी गोष्ट होती.

"तारखेवर नाही का भागत?" मी म्हटलं.

"माझं नाही भागत. ऐक ना, इट्स इंटरेस्टिंग." मग त्याने मला समजावून सांगितलं. त्यांच्या पत्रिकेत चार खांब असतात, वर्ष, महिना, दिवस आणि तास. दिवस म्हणजे आपण स्वतः. त्या दिवसावरून आपलं तत्त्व ठरतं, आणि हा निघाला लाकूड, म्हणजे झाड. पण झाड किती जोमाचं ते महिना ठरवतो, कारण महिना म्हणजे ऋतू. त्यांचे हे महिने सूर्याच्या चालीवर बदलतात, आपल्या संक्रांतीसारखे, ठरलेल्या घटकेला. आणि हा जन्मला तो नेमका नोव्हेंबरातल्या त्या दिवशी, ज्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला त्यांचा शरद संपून हिवाळा लागला.

"सो आठच्या आधी असेल तर मी ड्राय अर्थच्या महिन्यातला. वीक ट्री. आठच्या नंतर असेल तर वॉटर मंथ, भरपूर पाणी, स्ट्रॉंग ट्री."

"आणि वीक असलास तर?"

"तर मला पाणी पायजे. अँड गेस व्हॉट, शी इज वॉटर!" ही 'शी' म्हणजे त्याची होणारी बायको. मागे मायलेकी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

आपली पंचमहाभूतं मला ठाऊक आहेत. त्यांच्याकडे वायू नाही, आकाश नाही, त्याऐवजी लाकूड आणि धातू. असेना. पण माझं पोर वाळकं आणि त्याला पाणी घालणार त्यांची मुलगी, हे मी ऐकून घेणार नव्हते. तीन वर्षांचा होईपर्यंत मी त्याला अंगावर पाजलंय. माझ्या मुलाला पाणी कमी पडलं कधी?

"बघून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

बघायचं काहीच नव्हतं. त्या वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी होती. दाईने ती वेळ मोठ्याने उच्चारली होती आणि मीही मनात तिच्यामागून म्हटली होती. पाच पन्नास. आठला दोन तासांवर अवकाश. वाळकी माती, कमकुवत झाड.

पण आमच्याकडे आणखी एक वेळ होती. मुलगा झाला तेव्हा नवऱ्याने हॉस्पिटलातूनच साताऱ्याला फोन लावला. सासऱ्यांना हिशेबाला सोपं जावं म्हणून आपल्याकडची, भारतातली वेळ सांगितली, अकरा वीस. सासऱ्यांनी ती वळणदार अक्षरात लिहून घेतली आणि खाली स्थळ लिहिलं लीड्स, इंग्लंड. गुरुजींनी लीड्स आणि अकरा वीस धरून पत्रिका मांडली. सासऱ्यांनी ती स्वतःच्या हाताने उतरवून टपालाने पाठवली, तेव्हा चूक एका नजरेत लक्षात आली. पण त्या चुकीच्या पत्रिकेत राजयोग निघाला होता, आणि सासऱ्यांनी त्या आनंदात अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. कोण कळवणार? आम्ही पत्रिका कपाटात ठेवून दिली. लंडनजवळच्या एजवेअरच्या आणि लीड्सच्या किती मराठी घरांत असे साडेपाच तास उशिरा जन्मलेले राजे असतील, देव जाणे.

मी कपाट उघडून ती पत्रिका काढली आणि त्या पानाचा फोटो काढायला लागले. नवरा शेजारीच बसला होता.

"अगं, ही वेळ खरी नाही."

"कागदावर आहे ती पाठवतेय."

"कागद चुकलाय, आपल्या दोघांना माहीत आहे."

"तुमच्या वडिलांच्या हातचा कागद आहे, अहो."

वडिलांचं नाव काढलं की नवरा वाद सोडून देतो. खरं तर मी नमुन्याच्या बाटलीवर वेळ चुकली असेल तर बाटली परत पाठवणारी बाई. त्यापायी माझ्या विभागातली मुलं मला घाबरतात. त्या संध्याकाळी मात्र मी तो फोटो, खाली इंग्रजीत अकरा वीस लिहून, सरळ विहीणबाईंना पाठवून दिला. हे चांगलं नाही, पण झालं ते असं.

विहीणबाईंचं उत्तर लगेच आलं. अक्षर फार सुंदर आहे म्हणाल्या. मग थोड्या वेळाने दुसरा मेसेज, अकरा वीस नक्की ना? मी अंगठा पाठवला.

पुढचे तीन आठवडे मी गुपचूप अभ्यास केला. मायक्रोस्कोपवरून उठून जेवायच्या सुट्टीत फोनवर वाचायचे. त्यात एका ठिकाणी मला हवं ते सापडलं. झाडाला पाणी लागतं, पण पाणी फार झालं तर मुळं सुटतात आणि झाड वाहून जातं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अकरा वीसच्या हिशेबाने माझ्या मुलाकडे पाणी भरपूर होतं. म्हणजे तिकडचं पाणी जास्तीचं. मुलीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात खरोखर नव्हतं, तिने सुखाने यावं, पण लीड्सला यावं. तिच्या आईने स्वतःच्याच तोंडाने म्हणावं की या मुलाला आमची गरज नाही, त्याला त्याच्या मातीत राहू दे. एवढं तिने म्हटलं असतं तर मी तिची पेजसुद्धा खाल्ली असती.

एका रविवारी तिने आम्हाला जेवायला बोलावलं. चार तास गाडी चालवून आम्ही रीडिंगला पोचलो. दारात चपला काढल्या तर तिने माझ्यापुढे घरात घालायच्या नव्या सपाता ठेवल्या, निळ्या, माझ्या मापाच्या. माझं पाऊल लहान, मला दुकानात मुलांच्या विभागात जावं लागतं.

"माप कसं कळलं?" मी विचारलं.

तिने माझ्या मुलाकडे बोट दाखवलं. त्याला माझ्या पावलाचं माप माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. आणि ते त्याला विचारावं, हे हिला सुचलं होतं. सपाता घालून मी आत गेले. त्या आरामशीर होत्या, याचाही मला राग आला.

जेवण झाल्यावर तिने ताटल्या बाजूला केल्या आणि चौकटीचा कागद टेबलावर पसरला. पेन्सिलीने चार खांब आखलेले, प्रत्येकात वर-खाली चिनी अक्षरं, कडेला बारीक आकडे. ती इंग्रजीत बोलली, मी माझ्या भाषेत सांगते.

"पहिला खांब वर्षाचा. ते आजी-आजोबा. तिसरा दिवसाचा, तो हा स्वतः. चौथा तासाचा, ती पुढे होणारी मुलं." पेन्सिल दुसऱ्या खांबावर आली. "आणि हा महिना. आम्ही याला आईवडिलांचं घर म्हणतो. माझी आजी तर नुसतंच आईचं घर म्हणायची. माणूस कोण आहे ते दिवस सांगतो, पण त्याच्यात बळ किती ते या घरावरून कळतं."

मग तिने शिक्षिकेच्या सवयीने बोटांवर मोजत सांगितलं. प्रत्येक तत्त्वाच्या वर्षभरात पाच अवस्था. झाड वसंतात राजा असतं. उन्हाळ्यात दमलेलं. शरदात मेल्यासारखं, कारण तो धातूचा, कुऱ्हाडीचा ऋतू. प्रत्येक ऋतूच्या शेवटी मातीचा एक महिना येतो, त्यात ते कोंडलेलं. आणि हिवाळा पाण्याचा. पाण्यातून झाड येतं, म्हणून पाणी झाडाची आई. हिवाळ्यात जन्मलेलं झाड आईजवळ असतं.

"अकरा वीस," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे हिवाळा लागून गेलेला. हे झाड आईच्या घरातून पोटभर पाणी पिऊन आलंय. याच्यात जे काही बळ आहे ते तुमच्याकडून आलंय."

हे तिने माझ्या मुलासमोर म्हटलं, होणाऱ्या सुनेसमोर, माझ्या नवऱ्यासमोर. हे ऐकायला मी किती वर्षं बसले होते कोण जाणे.  मुलाने टेबलाखालून माझा हात दाबला. नवरा बाजूला सारलेल्या ताटलीतला माशाचा काटा फार लक्ष देऊन न्याहाळत होता. क्षणभर मला वाटलं, खरी वेळ अकरा वीसच असेल, चुकलं असेल ते वॉर्डातलं घड्याळ.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला सगळंच हवं होतं.

"पण पाणी फार झालं तर झाड वाहून जातं ना?" मी म्हटलं. "असं वाचलंय मी."

गृहपाठ करून आलेली विद्यार्थिनी सापडावी तशी ती खुलली. "बरोबर! मुळं सुटतात. मग त्याला माती लागते, घट्ट माती."

मी खुर्चीत पुढे सरकले. आता ती लीड्सचं नाव घेणार.

"आणि माती काय, कुठेही मिळते," ती मुलांकडे वळली. "वाळकं झाड असतं तर मीच म्हटलं असतं, याला एवढ्यात हलवू नका, आईजवळ थोडं जगू दे, मुळं धरू दे. असं भरल्या घरचं झाड कुठेही लावलं तरी धरतं. याची काळजीच नको."

मुलाने सुटकेचा श्वास टाकला. "सो, आई, यू ओके? कारण आम्ही ऑफर टाकलीय. आंटीच्या जवळच्या त्या घरावर. काल त्यांचा येस आला. तुला समोरासमोर सांगायचं होतं."

मुलगी उठून माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना छान वास येत होता. तिच्या खांद्यावरून मी तो कागद पाहत होते, दुसऱ्या खांबातली ती दोन अक्षरं. पाच पन्नास सांगितलं असतं, तर ते वाळकं झाड आईजवळ ठेवा असं हीच बाई म्हणाली असती. माझ्याच हाताने मी त्याला असं बळकट करून ठेवलं होतं की त्याला माझी गरजच उरली नव्हती.

निघताना नवरा दारात आभार मानत रेंगाळला आणि मुलगा मला गाडीपर्यंत सोडायला आला. माझ्याच्याने राहवलं नाही. घर ठरलं तर ठरलं, पण त्या बाईचा तो नीटनेटका कागद तरी खोटा पडावा, असं मला वाटलं.

"तुझ्या आंटीला सांग, तिचा चार्ट चुकलाय," मी म्हटलं. "तुझी खरी वेळ पाच पन्नास आहे."

"आय नो," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या रेड बुकमध्ये आहे ना. युनीला जाताना व्हॅक्सिन्ससाठी तूच दिलं होतंस. माझ्याकडेच आहे ते." इथे प्रत्येक बाळाला लाल पुस्तक देतात, वजन, लसी, जन्माची नोंद लिहिलेलं. मी ते साफ विसरले होते. "आंटीला मी आधीच दिली होती टाइम."

"मग मला का विचारलंत?"

"आंटी म्हणाली, द मदर शुड बी आस्क्ड. मुलाची वेळ आईने द्यायची असते म्हणे."

"आणि अकरा वीस आल्यावर?"

तो थोडा हसला. "तिने लगेच मायनस केलं. म्हणाली, फाइव्ह अँड अ हाफ अवर्स, एक्झॅक्टली, सो इट्स इंडिया टाइम. मग म्हणाली, आपण आईची टाइम घेऊ."

"खऱ्या वेळेचा पण चार्ट केला होता तिने?"

गाडीच्या दाराला हात लावून तो उभा राहिला. मला त्याची ही सवय माहीत आहे, खोटं बोलायचं नसलं की तो हाताशी असेल ते घट्ट धरतो. "केला होता," तो म्हणाला. "त्यात त्या मंथच्या घरात सगळी ड्राय माती आहे. पाणी नाही. शी सेड, हा आईला दाखवायचा नाही. हर्ट होईल."

परतीचे चार तास गाडी मी चालवली. त्या बाईने केलं ते दया म्हणून केलं की डाव म्हणून, याचा मी विचार करत होते. दया म्हणावी तर माझं पोर तिच्या शेजारी गेलं. डाव म्हणावा तर माझ्या माणसांत तिने मला उंच बसवलं, आणि ते करायची तिला काही गरज नव्हती. मला आजही ठरवता येत नाही, आणि आमच्या बोलण्यात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मुलांचं घर छान झालंय. मी दोन महिन्यांतून एकदा जाते.

माझं खोटं पकडलं गेलं, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. लागलं ते वेगळंच. लहानपणापासून आमच्या घरात काही लपवायचं तर ते तो आणि मी मिळून लपवायचो. शाळेतून आलेली चिठ्ठी, गाडीला पडलेला ओरखडा, परीक्षेतला एक नापास विषय. बाबांना नको सांगायला, त्यांना वाईट वाटेल, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो आणि स्वयंपाकघरात उभं राहून हसायचो. आता त्याला दुसऱ्या स्वयंपाकघरात दुसरी जोडीदारीण मिळाली होती, आणि ज्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून ते दोघं जपत होते, ते माणूस मी होते.